घर-जमिनीचा व्यवहार : वकील केव्हा गाठावा, त्याला काय विचारावे?

आमच्याकडे व्यापार-उद्योग पानासाठी जी पत्रे येतात, त्यांत दुकानाचा परवाना, विक्रीकर, बँकेचे कर्ज यांबरोबरच एक प्रश्न हमखास असतो. ‘गावाकडे जमीन घेतो आहोत, वकील लावावा की दस्तलेखकावर भागेल?’ ‘मुंब्र्यात फ्लॅट बघितला आहे, एजंट म्हणतो कागद साफ आहेत, मग सॉलिसिटरला पैसे कशाला?’ ‘वकिलाची फी किती असते?’ या प्रश्नांची उत्तरे एकदा सविस्तर द्यावीत, असे बरेच दिवस मनात होते. पण त्याआधी आमच्या घरातलीच एक हकीकत सांगतो.

आमच्या चुलत्यांनी १९८६ साली रायगड जिल्ह्यात रस्त्यालगतची एक जमीन घेतली. विकणारी बाई विधवा होती, पदरी दोन मुलगे, धाकटा सात वर्षांचा. सातबाऱ्यावर तिचे नाव आणि ‘अज्ञान पालनकर्ती आई’ म्हणून मुलांची नावे. खरेदीखत रीतसर नोंदवले गेले, मुद्रांक भरला, फेरफारही झाला. दस्त लिहिणाऱ्या गृहस्थांना त्यात काही वावगे दिसले नाही, चुलत्यांनाही दिसले नाही. वकील कोणी पाहिलाच नव्हता. १९९८ साली तो धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा झाला आणि त्याने दावा लावला, ‘माझा हिस्सा विकण्याचा आईला अधिकारच नव्हता.’ पाच वर्षे तारखा पडल्या. शेवटी चुलत्यांनी त्या दिवशीच्या भावाने त्याच्या हिश्श्याचे पैसे पुन्हा मोजले आणि तडजोड केली. मुलगा खोटे बोलत नव्हता, कायदा त्याच्या बाजूने होता.

मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मिळकतीचा पालक म्हणजे बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, त्यानंतर बापाचा बाप आणि त्याने नेमलेला. आई मुलाला सांभाळते, पण त्याची स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार तिला आपोआप मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ साली इमामबांदीच्या खटल्यात हे स्पष्ट केले आणि आजही तेच धरले जाते. आईला विकायचेच असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते आणि विक्रीसाठी न्यायालयाची वेगळी परवानगी काढावी लागते. हे नसेल तर मुलाच्या हिश्श्यापुरती विक्री कुचकामी. मोठ्या भावाने किंवा चुलत्याने धाकट्यासाठी सही केली असेल, तरी तोच न्याय. जाणत्या वकिलाने चुलत्यांचा सातबारा पाहताक्षणी हे सांगितले असते. त्याची त्या वेळची फी पुढे झालेल्या खर्चाच्या मानाने चहापाण्याइतकी ठरली असती.

आता प्रश्नांकडे वळू.

वकील, सॉलिसिटर, दस्तलेखक : कोण काय करतो?

मुंबईत ‘सॉलिसिटर’ हा शब्द जुना आहे. हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशिलाचे कागद सांभाळणारा सॉलिसिटर वेगळा आणि उभा राहून बोलणारा वकील वेगळा, अशी पद्धत होती. १९७६ च्या कायद्याने ही दुहेरी पद्धत संपली आणि सगळे ॲडव्होकेट झाले. तरी मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा आजही होते आणि मिळकतीच्या कामात मुरलेल्या पेढ्यांना लोक त्याच नावाने ओळखतात. महाड, चिपळूण, रत्नागिरीला हेच काम दिवाणी वकील करतात. तेव्हा पाटीवर काय लिहिले आहे याला महत्त्व देऊ नका. त्याचे बरेचसे काम मिळकतीचे आहे का, आणि ज्या तालुक्यातली जमीन आहे तिथले दप्तर त्याला ठाऊक आहे का, एवढे पाहावे.

दस्तलेखक दस्त लिहितो. तुम्ही सांगाल ते लिहितो आणि चांगले लिहितो. पण विकणाऱ्याचा हक्क खरा की खोटा हे तपासणे त्याचे काम नाही. एजंटला दलाली व्यवहार झाला तरच मिळते, म्हणून ‘थांबा’ हा शब्द त्याच्या तोंडून सहसा निघत नाही. राहता राहिला दुय्यम निबंधक. बहुतेक वाचकांची समजूत अशी, की सरकारी कचेरीत दस्त नोंदला म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला. ही समजूत चुकीची आहे. निबंधक माणसे ओळखून घेतो, मुद्रांक बरोबर आहे का पाहतो आणि दस्त नोंदवून घेतो. विकणाऱ्याकडे मालकी आहे की नाही हे ठरवणे त्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तामिळनाडूतील एका प्रकरणात पुन्हा सांगितले. इंग्लंडात स्थायिक झालेले आमचे कोकणी भाईबंद इथे व्यवहार करताना इथेच फसतात. तिकडे सरकारी लँड रजिस्ट्रीत मालकीचीच नोंद होते आणि त्या नोंदीत चूक निघाली तर सरकार भरपाई देते. इथे नोंद होते ती दस्ताची. मालकी आहे की नाही, हे शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्या शिरावर.

सातबाऱ्याबद्दलही हेच. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, पण तो मालकीचा दस्तऐवज नव्हे. शहरातल्या मिळकत पत्रिकेकडेही त्याच सावधगिरीने पाहावे.

वकील कधी गाठावा?

बयाना देण्याआधी. आमच्या पाहण्यात दहापैकी आठ माणसे इसार देऊन, पावती करून, मग वकिलाकडे जातात. तोवर हात अडकलेला असतो. कागदात खोट निघाली तर इसार परत मागण्यासाठीच वकील लागतो. विकणारा फारच घाई करत असेल, ‘दुसरा गिऱ्हाईक उभा आहे’ म्हणत असेल, तर रक्कम लहान ठेवा, चेकने द्या आणि पावतीत एक वाक्य घाला, ‘हक्क निर्वेध व विक्रीयोग्य न निघाल्यास ही रक्कम इतक्या दिवसांत परत केली जाईल.’ स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे-देणे आयकर कायद्याने बंद आहे, हेही लक्षात असू द्या. आखातातून रोख आणून टेबलावर मोजण्याची जुनी हौस आता महागात पडते.

वकील नेमके काय तपासतो?

पहिले काम शोध, ज्याला कचेरीत ‘सर्च’ म्हणतात. रिवाज तीस वर्षांचा आहे. वकिलाचा माणूस निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक दोन पाहतो आणि त्या मिळकतीवर खरेदी, गहाण, बक्षीस, भाडेपट्टा असे काय काय नोंदले गेले ते उतरवून घेतो. अलीकडचे दस्त संगणकावर सापडतात, जुन्यांसाठी पुस्तकेच चाळावी लागतात. शोधाच्या अहवालात पुष्कळदा ‘अमुक सालची पाने फाटलेली’ असा शेरा असतो. वाचकांनी तो शेरा वाचावा आणि वकिलाला विचारावे, ‘त्या सालांचे काय केलेत?’ चांगला वकील अशा वेळी जुने फेरफार, मूळ दस्त आणि महसुलाचे दप्तर यांतून ती पोकळी भरून काढतो. शोधाची सरकारी फी भरल्याची पावतीही पाहून घ्यावी. ती नसेल तर शोध टेबलावर बसूनच झाला असण्याची शक्यता आहे.

दुसरे काम फेरफारांची साखळी. आजचा सातबारा पाहून भागत नाही. त्यावर ज्या फेरफारांचे क्रमांक आहेत, ते एकेक काढून वाचावे लागतात. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर जमीन आली ती कशी? वारस किती होते, नोंदले किती? कूळ कायद्याने मिळालेली आहे का? तशी असेल तर १९४८ च्या कायद्याच्या कलम ४३ ची अट पाहावी लागते. जमीन शेतीची आणि घेणारा शेतकरी नसेल, तर त्याच कायद्याचे कलम ६३ आड येते आणि परवानगीशिवाय खरेदी करता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही, मग मूळचा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी का असेना. दुबईहून सुट्टीवर येऊन आंब्याची बाग घेऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही आहेच. दोन-चार गुंठे तोडून घेताना वकिलाला त्याबद्दल नेमके विचारा.

तिसरे, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस. ‘आमचे अशील अमुक मिळकत खरेदी करीत आहेत, कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे’ अशी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण रिवाज चांगला आहे. फक्त गावातले लोक जे पत्र वाचतात त्यातच ती यावी. कोकणातल्या जमिनीची नोटीस कोणी न वाचणाऱ्या पत्राच्या कोपऱ्यात छापून काय साधणार?

वक्फचाही शोध घ्यावा. कब्रस्तान, दर्गा, मशीद यांच्या लगतच्या जागा स्वस्तात मिळतात तेव्हा तर नक्कीच. वक्फ मिळकतीची विक्री १९९५ च्या वक्फ कायद्याखाली बेकायदा आहे. घेणाऱ्याने पैसे प्रामाणिकपणे दिले होते, या सबबीवर ती टिकत नाही.

बहिणीची सही

आमच्या वाचकांच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो वारसांचा, म्हणून इथे थोडे थांबतो.

समजा, एक मरहूम मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी ठेवून गेले, आई-वडील आधीच वारलेले. जमीन एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. देणी फिटल्यावर बायकोचा आठवा हिस्सा, पाच गुंठे. उरलेल्या पस्तीस गुंठ्यांत मुलाला मुलीच्या दुप्पट : प्रत्येक मुलाला चौदा, मुलीला सात. बाप वारला त्याच क्षणी हे हिस्से त्यांचे त्यांचे झाले. तलाठ्याकडे नोंद झाली की नाही, याला महत्त्व नाही. आता दोघे भाऊ मिळून चाळीसही गुंठे विकतात आणि आईची सही घेतात. बहिणीला कोणी विचारत नाही, कारण ‘तिचे लग्नात झाले’. घेणाऱ्याला मिळाले किती? तेहतीस गुंठे. सात गुंठे बहिणीचेच राहिले आणि ती किंवा उद्या तिची मुले ते मागू शकतात.

कोकणात बहिणींची नावे मुख्य खात्यात न घालता ‘इतर हक्कात’ टाकण्याची खोड जुनी आहे. तिथे नाव दिसले म्हणजे हक्क कमी झाला, असे नव्हे. आणि कुठेच नाव दिसले नाही, तरी बहीण आहे की नाही हे विचारावेच लागते. वकिलाने वारसांची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मागावी. गावातल्या दोन वडीलधाऱ्यांशी बोलावे. आमच्या मते जमिनीचा सर्वांत उत्तम शोध मोहल्ल्यातली म्हातारी माणसे देतात. कचेरीतली पुस्तके फाटतात, त्यांच्या आठवणी फाटत नाहीत.

बहिणीने हक्क सोडला असे सांगितले जाते, तेव्हा हक्कसोडपत्र नोंदलेले आहे का ते पाहा. स्थावरातला हक्क तोंडी किंवा साध्या कागदावर सुटत नाही. बाप हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीवर तर विसंबूच नये, कारण जो हक्क अजून जन्माला आला नाही तो सोडता येत नाही, असाच सर्वसाधारण नियम आहे. उत्तम उपाय एकच : बहिणीला खरेदीखतात विकणारी म्हणून सामील करा आणि तिच्या हिश्श्याचे पैसे तिच्या खात्यात चेकने जाऊ द्या. भावांना हे जड जाते. घेणाऱ्याने आग्रह धरला की तेच भाऊ कबूल होतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

उलट बाजूही सांगावी लागेल. बापाच्या आधी वारलेल्या मुलाच्या लेकरांना, दुसरा मुलगा हयात असेल तर, आजोबांचा वारसा मिळत नाही. तरी सातबाऱ्यावर त्यांची नावे घातलेली सापडतात. ती नावे मृत्युपत्राने आली, हिब्याने आली की नुसतीच घातली, याचा खुलासा हवा. मृत्युपत्र असेल तर एक तृतीयांशाची मर्यादा आहे. वारसाच्याच नावे मृत्युपत्र केले असेल तर इतर वारसांची संमती लागते.

तोंडी हिबा चालतो का?

चालतो, पण व्यवहारात अडतो. मुस्लिम कायद्याप्रमाणे देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा. मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने ही सवलत ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हाफिझा बीबीच्या खटल्यात सांगितले, की असा हिबा लिहून ठेवला, एवढ्याने त्या कागदाची नोंदणी सक्तीची होत नाही. परंतु तोंडी हिब्यावर घर घेणारा माणूस ते विकायला निघतो, तेव्हा घेणाऱ्याचा वकील विचारतो, ‘ताबा दिल्याचा पुरावा काय? घरपट्टी कोणाच्या नावे? भाडे कोण घेत होते?’ इतर भावंडे उठली तर साक्षीदार शोधावे लागतात आणि बहुधा तोवर ते अल्लाला प्यारे झालेले असतात. शेवटच्या आजारात केलेला हिबा तर मृत्युपत्रासारखा तृतीयांशाच्या मर्यादेत येतो. मेहेरच्या बदल्यात बायकोला घर दिले असेल, तर तो मोबदल्याचा व्यवहार होतो, त्याला नोंदलेला दस्त हवा. आमचा सल्ला : कायद्याने सवलत असली तरी हिब्याचे बक्षीसपत्र नोंदवा. राहते घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुले, नातवंडे यांना देताना महाराष्ट्रात मुद्रांक अगदी नाममात्र आहे, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही.

दोघांचा वकील एकच चालेल का?

खर्च वाचवण्यासाठी पुष्कळजण असे करतात. कायद्याने दस्त तयार होतो, बिघडत काही नाही. पण घेणाऱ्याला हक्क साफ हवा असतो आणि विकणाऱ्याला पैसे लवकर हवे असतात. या दोन गोष्टी एकाच माणसाने सांभाळायच्या म्हणजे एकाचे नुकसान ठरलेले. किमान घेणाऱ्याने तरी आपला स्वतःचा वकील ठेवावा. ‘बिल्डरचा वकील फुकट आहे’ याला तर भुलूच नये, तो बिल्डरचा आहे. बँकेच्या वकिलाबाबतही तेच. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील कागद पाहतो, पण तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढेच पाहतो. तुमची बहीण-भावंडांची भांडणे त्याच्या अहवालात येतीलच असे नाही.

विकणाऱ्याला वकील लागतो का? कमी लागतो, पण लागतो. साठेखतात ताबा कधी द्यायचा, हप्ते चुकले तर काय, कर कोणी भरायचा, या अटी विकणाऱ्याच्याही गळ्याशी येतात. पूर्ण पैसे हाती येण्याआधी ताबा दिला तर काय होते, हे ज्याने भोगले त्याला विचारा.

फी आणि खर्च

फीचा ठरलेला दर नाही. कोणी किमतीवर टक्का सांगतो, कोणी ठोक रक्कम. आम्हाला ठोक बरी वाटते, कारण पन्नास लाखांच्या घराचे आणि दीड कोटीच्या घराचे कागद तपासायला पुष्कळदा सारखेच कष्ट पडतात. फी ठरवताना एवढे लिहून घ्यावे : शोध, त्याची सरकारी फी, जाहीर नोटीस, साठेखत व खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी आणि नंतरचा फेरफार, यांतले काय फीत आले आणि काय वेगळे. हक्काचा अहवाल लेखी आणि सहीनिशी मागावा. ‘सगळे ओके आहे’ असे फोनवर सांगणाऱ्या वकिलाला पुढे जबाबदार कसे धरणार?

मुद्रांक शुल्क घेणाऱ्याने भरायचे असते, वेगळे ठरले नसेल तर. ठरलेली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर ते आकारतात. मुंबईत सध्या मेट्रोच्या अधिभारासह सहा टक्के. राहते घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर एक टक्का सवलत. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. म्हणजे ऐंशी लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावे घेतला तर चार लाख ऐंशी हजार अधिक तीस हजार. बायकोच्या किंवा मुलीच्या नावे घेतला तर ऐंशी हजार वाचतात. नाव तिचे म्हणजे मालकीही तिची, हे मात्र मनाशी पक्के करूनच! किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो, इथे ऐंशी हजार. विकणारा परदेशी राहणारा असेल तर कपातीचा नियम वेगळा आणि दर बराच जास्त आहे. भाऊ कुवेतला आहे आणि त्याचा हिस्सा विकत घेतो आहोत, अशांनी हिशेबनीसाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कापला नाही तर तो कर घेणाऱ्याच्याच मानेवर बसतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. उशीर झाला तर आणखी चार महिने दंड भरून मिळतात, त्यापुढे नाही.

आखातातले मुखत्यारपत्र

मालक दोहा-जेद्दाहला आणि सही करणारा मेहुणा इथे, असे व्यवहार आपल्याकडे रोजचे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेले हवे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. त्यात ‘विकण्याचा’ आणि ‘नोंदणीसाठी हजर करण्याचा’ अधिकार स्पष्ट लिहिलेला असावा. ‘देखभाल करावी’ एवढ्यावर विक्री होत नाही. देणारा माणूस नोंदणीच्या दिवशी हयात आहे आणि त्याने अधिकार काढून घेतलेला नाही, याची खात्री घेणाऱ्याने करावी. एक फोन पुरतो. माणूस वारला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही संपते.

नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मिळकत ‘विकत घेतली’ असे मानणारेही अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात साफ सांगितले, की अशा कागदांनी मालकी जात नाही, नोंदलेले खरेदीखतच हवे.

फ्लॅट घेताना

जुना फ्लॅट असेल तर बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे मूळ करार, सोसायटीचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि जमीन सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरित झाली आहे का, एवढे पाहावे. बिल्डरने अभिहस्तांतरण करून दिले नसेल तर २००८ पासून ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा मार्ग आहे. ते झाले नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी घोळ होतो. हस्तांतरणासाठी शहरातल्या सोसायटीला पंचवीस हजारांहून जास्त अधिमूल्य घेता येत नाही. ‘देणगी’ म्हणून लाख मागितले तर नियम दाखवावा.

नव्या प्रकल्पात महारेराचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय बोलणेच करू नये. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाही, हे २०१६ च्या कायद्याचे कलम १३.

वकिलानेच चूक केली तर?

तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्याखाली करता येते. ग्राहक न्यायालयाचे दार मात्र बंद झाले आहे. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवले. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा उरतो. म्हणूनच वर लेखी अहवालाचा आग्रह धरला. मूळ कागद वकिलाकडे देताना यादी करून त्यावर पोच घ्यावी, हेही विसरू नये.

खरेदीखत झाले की काम संपले, असे समजून पेढे वाटणारे पुष्कळ. जमिनीचा फेरफार, सोसायटीतले नाव, घरपट्टी आणि विजेचे मीटर यांचे अर्ज त्याच महिन्यात टाकावेत. चुलत्यांच्या त्या जमिनीचा तडजोडीनंतरचा फेरफार मंजूर होऊन सातबारा हातात यायला आणखी दीड वर्ष गेले होते.

डोंगरी, नागपाडा, मदनपुरा इथल्या पगडीच्या खोल्यांबद्दल बरीच पत्रे आली आहेत. तूर्त एवढेच सांगतो, की पगडी देऊन भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी नव्हे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडी घेणे-देणे कायदेशीर केले, पण भाडेकरार लेखी आणि नोंदलेला हवा आणि मालकाची संमती हवी. बाकीचे पुढील अंकी.